कापसाचे तीन ढीग अन् पोरीचं फंक्शन

त्या साली कापसाले भावच नव्हता, म्हणून सारा घरात भरून ठेवला. मधल्या खोलीत एका रांगेत तीन ढीग होते. पयल्या वेच्याचा पांढराफेक, मंग दुसऱ्या वेच्याचा, अन् शेवटी फरदडीचा, म्हंजे हंगाम सरल्यावर राखलेल्या पऱ्हाटीचा, पिवळसर अन् कमी भावाचा. पोरीचा जुना कंप्युटर त्याच खोलीत.

पोरगी यवतमाळले कॉलेजात होती. सोमवारी तिले सी भाषेतलं एक फंक्शन सरांपुढं चालवून दाखवायचं होतं. एका जागचे आकडे उचलून दुसऱ्या जागी तसेच उतरवायचे, येवढंच त्याचं काम. घरचे, म्हंजे पोरीचे बाबा, म्हणाले होते, "यंदा नापास झाली तं कॉलेज बंद. खुरपं घे न वावरात चाल." खुरपं दाराजवळ खोचलेलंच राहे.

मले आकडे वाचता येतात, यष्टीवरचे पाहू पाहू शिकली. रविवारी पोरगी कंप्युटरचा पडदा दाखवून म्हणे, "माय, वाच वो." एक ते पाच आकडे एक घर पुढं सरकवायचे होते.

"एक, एक, एक... सारे एकच हायेत."

"बाकीचे कुठी गेले?"

"मले काय विचारते? म्या खाल्ले?"

दुपारी अवकाळी पाणी आलं. पयल्या ढिगावर छताचे कवेलू गळाले लागले. घरच्यांनी घाईनं तोच ढीग पुढं लोटला. तो दुसऱ्यावर गेला, दुसरा फरदडीवर. पांढऱ्यात पिवळा मिसळला.

मी म्हटलं, "फरदड आधी सरकवा लागत होती."

"आता सांगून राह्यली. तुह्या पोरीच्या कंप्युटरले लावायचं होतं उचलाले."

पोरगी ढिगाकडे पाहतच राह्यली. म्हणे, "बाबा, माह्यं फंक्शनबी हेच करते. दोन उचलायच्या आधीच त्याच्यावर एक टाकते."

तिनं फंक्शनले मागून, पाचापासून, उचलाले लावलं. मी वाचलं, एक, एक, दोन, तीन, चार, पाच. पयला एक जुन्या जागचा, बाकीचे पाच सरकलेले, बरोबर आलं. मंग तिनं तेच आकडे उलट्या दिशेनं, एक घर मागं सरकवले, तं सारे पाचच झाले. पुन्हा बसली. जिकडं सरकवायचं त्या टोकाकडून उचलायचं, असं लिहिलं. दोन्हीकडून चालवलं. एकच आकडा घेऊन, काहीच न घेता, तसंबी चालवून पाह्यलं. आमी दोघं तोवर ढिगातून पिवळा कापूस वेचत बसलो. निघाला तेवढा निघाला.

सोमवारी पोरगी यष्टीनं गेली. त्याच दिवशी घरी आलेल्या दिग्रसच्या व्यापाऱ्यानं मूठभर कापूस उपसून पाह्यला न सारा फरदडीच्या भावानं नेला.

संध्याकाळी पोरगी आली. "चाललं. पास केलं सरांनी," म्हणे.

दुसऱ्या दिवशी दाराजवळचं खुरपं मी काढलं न वावरात गेली.