खत्तच्या अलीकडे थांबलेला याकूब

याकूब गेल्याचा फोन आला तेव्हा मी शारजातल्या घरी बाल्कनीत बसून चहा घेत होतो. फोनवर त्याचा मुलगा होता, दापोलीजवळच्या गावाहून. "चाचा, अब्बा गेले…" एवढं बोलून तो थांबला. मला रडू आलं नाही. खोटं कशाला बोलू, मला राग आला. आजही, इतके आठवडे उलटल्यावर, हे लिहिताना तो पुरता उतरलेला नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला केव्हाच सांगितलं होतं की हृदयाचं ऑपरेशन लवकर करून घ्या. हा थांबला. आधी पुतण्याचं लग्न होऊ दे म्हणाला, मग शेजारणीचं बाळंतपण होऊ दे, मग मशिदीचं छप्पर. मी इथून फोनवर ओरडायचो, "याकूब, तुझं काय?" तो म्हणायचा, "होईल रे, इन्शाल्ला. ते लोक अडलेत ना…" वाट बघण्याचा त्याला रोगच होता, आणि त्या रोगाची सर्वांत जास्त झळ मला लागली आहे.

ही गोष्ट साठच्या दशकातली. तेव्हा यूएई हे नावसुद्धा नव्हतं. आम्ही रत्नागिरीकडची पाच माणसं शारजात एका व्यापाऱ्याच्या गोदामावर कामाला होतो आणि खजुरीच्या झापांच्या एकाच खोलीत राहत होतो. पाणी गाढवावरून, घासलेटच्या डब्यांतून यायचं, तेही मचूळ. अंघोळ म्हणजे दोन तांबे. माझं बालपण उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडाजवळ गेलेलं. त्यामुळे उत्तरेकडच्या रास अल खैमा शहरापलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी खत्त नावाचं गाव आहे आणि तिथे तसेच गरम पाण्याचे झरे आहेत, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचेना. बेत मात्र याकूबने आखला. गोदामाचा ट्रक गुरुवारी रास अल खैमाला जायचा आणि शुक्रवारी दुपार कलली की असरच्या नमाजेनंतर परतायचा. ट्रकमध्ये सायकली टाकायच्या, शुक्रवारी पहाटे निघून खत्त गाठायचं, मनसोक्त डुंबायचं आणि ट्रकच्या वेळेला परत. हिवाळ्याचे दिवस होते. मी नवा साबण घेऊन ठेवला होता.

आमच्यात इस्माईलचाचा म्हणून एक होते, आमचे स्वयंपाकी. वयाने सगळ्यांत मोठे, अंगाने भारी, आणि सायकल याच बेतासाठी शिकलेले. श्रीवर्धनचे दोघे भाऊ, लतीफ आणि मजीद, चांगले तयार होते. निघताना याकूबने नियम सांगितला, "चाचा पुढे. चाचांच्या पुढे कुणी जायचं नाही."

"म्हणजे आपण संध्याकाळपर्यंत रास अल खैमातच," मी म्हणालो.

"पोहोचू सगळे. यल्ला, चला."

सुरुवातीला छान चाललं होतं. खजुराच्या बागा, पाटातून वाहणारं पाणी, लसूणघासाचे हिरवे तुकडे, बांधावरून हात हलवणारी पोरं. कित्येक महिन्यांत हिरवं काही पाहिलं नव्हतं. मजीद तर मोठ्याने गायला लागला. पण बागा संपल्या, खडीचं माळरान लागलं आणि चाचांची सायकल डुलू लागली. ते पडले. उठवलं, पुन्हा निघालो. मग बाभळीसारख्या झाडाचा काटा लागून त्यांचं पुढचं चाक बसलं. याकूबने ते दुरुस्त केलं तोवर मागचं बसलं. प्रत्येक वेळी तो शांतपणे खाली बसायचा, ट्यूब काढायचा, मिश्रीने काळे पडलेले दात दाखवून हसायचा. समोर डोंगर इतका जवळ दिसत होता की त्याच्या घळीसुद्धा मोजता आल्या असत्या.

खत्तची झाडं दिसू लागली, तेव्हा चाचा एका झाडाखाली बसले ते उठेचनात. गुडघा सुजून टम्म झाला होता. "मला सोडा, तुम्ही जा," ते स्वतः म्हणत होते. मी म्हणालो, "याकूब, तू थांब यांच्याजवळ. आम्ही तिघं एक डुबकी मारून येतो."

"नको," तो म्हणाला. "गेलो तर सगळे."

"आणि नाही गेलो तर?"

"तर सगळे नाही."

लतीफ आणि मजीद मुकाट्याने सायकली आडव्या टाकून बसले. मी मात्र चिडून एकटाच निघालो. बराच पुढे गेलो. झऱ्याकाठच्या माणसांचे आवाज ऐकू येऊ लागले. मग मागे वळून पाहिलं. कुणी मला हाका मारत नव्हतं, कुणी मागे येत नव्हतं. झाडाच्या सावलीत चार ठिपके बसले होते, एवढंच. कुणीतरी ओरडून शिवी दिली असती तर मी खुशाल गेलो असतो. तशीच सायकल वळवली. परत आल्यावर याकूबने पाण्याची बाटली पुढे केली. "पी," म्हणाला. बस. मी ती घेतली नाही.

चाचांना कॅरियरवर बसवून, सायकली ढकलत आम्ही परत निघालो. रास अल खैमाला पोहोचलो तेव्हा सूर्य बुडून मगरिबची अजान चालू होती आणि ट्रक निघून गेला होता. खलास. मी याकूबवर ओरडलो, "बघ! आपल्यासाठी थांबला का कुणी?"

त्याने रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "त्याला उशीर होत असेल रे."

दुसऱ्या दिवशी कामावर नव्हतो म्हणून मालकाने माझी ईदची रजा रद्द केली. त्याच रजेत माझ्या बहिणीचं लग्न होतं. याकूबची रजा मात्र शाबूत राहिली, कारण तिच्यावर मालकाने आधीच सही केली होती. मला वाटलं, निदान हा तरी जाईल, आपल्या आईला भेटेल, माझ्या वतीने मांडवात उभा राहील. तर हा गेलाच नाही! "तू नाहीस तर मी कशाला?" म्हणे. मी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, तू तरी जायचं होतंस!" त्या लग्नात आमच्या दोघांपैकी कुणीच नव्हतं. पुढचा रमजान येईपर्यंत मी त्याच्याशी धड बोललो नाही. तो रोज माझं ताट वाढून, झाकून, स्वतः न जेवता बसायचा.

पुढे खत्तपर्यंत डांबरी रस्ता झाला. माझ्याकडे गाडी आली. किती वेळा म्हटलं, चल, तासाभरात पोहोचू. पण चाचा कायमचे गावी गेले होते, लतीफ कुवेतला, मजीद आजारी. याकूब म्हणायचा, "ते आले की जाऊ." ते कधी आले नाहीत. मग तोही नोकरी सोडून गावी गेला. खत्तचं पाणी मी अजून पाहिलेलं नाही. नातू म्हणतो, "दादाजान, लेट्स गो दिस वीकेंड." मी काहीतरी कारण सांगतो.

गावी त्याला मूठमाती देऊन झाली. इथल्या मशिदीत आम्ही त्याच्यासाठी गायबाना नमाज पढलो, मयत समोर नसताना पढतात ती. तिथेच त्याची एक खोड आठवली. जुम्म्याची नमाज झाली की तो बाहेर पायरीवर उभा राहायचा, शेवटच्या माणसाला आपल्या चपला सापडेपर्यंत. ओळखीचा असो की नसो. आम्ही उन्हात तळतळत उभे.

परवाच्या शुक्रवारी मी नमाज पढून बाहेर आलो. पायरीवर एक म्हातारे बंगाली गृहस्थ चपला शोधत होते. एक सापडली होती, दुसरी नव्हती. माझा मुलगा गाडीतून हॉर्न वाजवत होता, "बाबा, फास्ट, पार्किंग नाहीये!" ऊन डोक्यावर होतं, पाय भाजत होते. मी दोनदा निघालो आणि दोनदा परत आलो. शेवटी हात वर करून मुलाला म्हटलं, थांब जरा. आणि याकूबला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडून, वाकून ती दुसरी चप्पल शोधू लागलो.