भुयारातून कोण आलं

सासूबाईंनी माझ्या हातातलं मासिक ओढलं आणि अंगणातल्या चुलीत घातलं. गोष्टीतल्या नव्या सुनेला मारायला भुयारातून कोण येतं, ते पान मी वाचायच्या आतच जळून गेलं.

नात रहस्यकथांचं मासिक काढते, त्याचा नवा अंक आज उघडला, तर तोच शाईचा वास आला. नात म्हणते, अंकाबद्दल चार शब्द लिही. मला आष्ट्याचं, सासरचं ते अंगण आठवलं.

बियाण्याच्या शेंगा फोडायला गल्लीतल्या बायका जमायच्या. वाचता येणारी मी एकटी, म्हणून माझ्या वाटच्या शेंगा त्या फोडायच्या आणि मी गोष्ट वाचायची. मासिक पेटलं तसे सगळ्यांचे हात थांबले.

शेजारची तानूबाई उठली. "आवं आत्याबाई, आता तुमीच फोडा तुमच्या शेंगा. आमी चाललो."

पेरणी तोंडावर आली होती. सासूबाईंनी भरल्या पोत्यांकडे बघितलं. "बसा गं. सूनबाई, सांग पुढचं."

"जळलं की."

"मग मनानं सांग."

मी भुयारातून त्या सुनेच्या सासूलाच बाहेर काढलं. बायका पदर तोंडात धरून हसल्या. मला वाटलं, आता माझी धडगत नाही.

सासूबाई शेंग फोडत म्हणाल्या, "मला वाटलंच हुतं, तीच असणार."

म्हणजे त्या रोज ऐकत होत्या. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

हा अंक चांगला आहे. शेवटचं पान आधी उघडू नका. ते जळलं तर मनानं सांगायला त्या अंगणातली आता मी एकटीच जिवंत आहे.