'कुड' म्हणजे माल गेला की नाही गेला?

एका शब्दापायी माझी खुर्ची गेली, आणि तोही शब्द माझ्या बापजाद्यांनी कधी उच्चारलेला नाही. माझ्या माहेरी, निपाणीकडे, कूड म्हणजे तुराट्यांची शेणानं सारवलेली भिंत. इंग्रजीत 'कुड' म्हणजे काय, हे मला अजून कुणी धडपणे सांगितलेलं नाही.

मी बंगळुराबाहेर होसकोट्याच्या एका कारखान्यात माल पाठवण्याच्या खात्यात आहे. आम्ही पितळेचे सुटे भाग करतो, ते खोक्यांत भरून परदेशी जातात. रोज सकाळी जे. पी. नगरहून कंपनीची बस धरायची, गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं आणि संध्याकाळी अंगाचा भुगा करून परत यायचं. आमच्या खात्याचे इनचार्ज नोकरी सोडून गेले, तेव्हापासून त्यांचं सगळं काम मीच बघत होते. ट्रक मीच मागवायचे, कागदपत्रं मीच करायचे, रुसलेल्या ड्रायव्हरला मीच समजवायचे. कामगार 'अक्का, अक्का' करत माझ्याच टेबलाशी यायचे. फक्त इनचार्ज हे नाव आणि काचेच्या केबिनमधली खुर्ची तेवढी मला मिळायची होती. आमचे मॅनेजर म्हणाले, "मेडम, पोस्ट तुमचीच. पण कस्टमरशी बोलायला, लिहायला इंग्लिश स्वल्प सुधारा."

मला ती खुर्ची हवी होती. उगाच ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? खूप हवी होती.

म्हणून कंपनीनं शनिवारी इंग्रजीचा वर्ग सुरू केला, तेव्हा पहिल्या बाकावर मी. शिकवणारी पंचविशीची गोड पोरगी. तिनं पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारलं, "तुम्ही काय काय करू शकता, सांगा. व्हॉट कॅन यू डू?" मी उभी राहिले आणि ठणकावून म्हणाले, "पॅकिंग कम्स टू मी. लोडिंग कम्स टू मी. कन्नडा ऑल्सो कम्स." पोरगी हसत सुटली. म्हणाली, "हे सगळं कुठून येतं हो तुमच्याकडे?"

कुठून म्हणजे? मला पोहायला येतं, मला स्वैपाक येतो, असंच म्हणतात ना? माझ्या शेजारी स्टोअरमधला कन्नड माणूस बसला होता, तोही म्हणाला, "टू मी स्विमिंग इज कमिंग." कारण त्यांच्यातही ते 'बरत्ते', म्हणजे येतंच. आम्हा दोघांना एकमेकांचं इंग्रजी चोख कळत होतं. अडलं होतं ते फक्त बाईंचं.

पण बाई ऐकेनात. 'येतं'ला कॅन. 'जमतं'ला कॅन. 'शकते'ला कॅन. 'जाऊ का?'लाही कॅनच! मी म्हटलं, या भाषेत शब्दांचा दुष्काळ पडलाय का? आपल्यात कसं, 'येतं' म्हणजे शिकलेलं आहे, 'जमेल' म्हणजे सवड काढीन आणि 'बघते जमतंय का' म्हणजे सरळ नाही. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. इथे सगळ्यांना एकच टोपी. बरं, घरी येऊन नवऱ्यापाशी कुरकुरावं, तर तो पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेला. पेपरातून मान वर न काढता म्हणायचा, "सरी, सरी, कळलं. स्वल्प शांत हो गं." आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

पुढच्या शनिवारी बाईंनी फळ्यावर लिहून दिलं, कॅनचा भूतकाळ कुड. मी ते पाठ केलं. बसमध्ये बसून घोकलं. आय कॅन सेंड, मी पाठवू शकते. आय कुड सेंड, मी पाठवू शकले. यात चुकायला जागाच कुठे होती?

आणि त्याच आठवड्यात आमच्या मोठ्या कस्टमरचं पत्र आलं. तिकडची एक बाई ऑर्डर बघते. तिनं विचारलं होतं, सगळा माल एकदम याच आठवड्यात निघू शकेल का? झालं. एक मशीन बंद पडलं होतं, ते मागे लागून चालू करून घेतलं. खोकी संपली, ती दुसरीकडून आणवली. ट्रकवाला ऐन वेळी 'येत नाही' म्हणाला, त्याला त्याच्या आईची शपथ घालून आणला. माझे नाकी नऊ आले, पण शेवटी ट्रक देवनहळ्ळीला विमानतळावर पोचला आणि माल विमानात चढला. मी घाम पुसला आणि मोठ्या अभिमानानं, कुणाला न विचारता, स्वतःच्या इंग्रजीत पत्र लिहिलं, "मॅडम, वुई कुड सेंड फुल ऑर्डर." मॅडम, आम्ही सगळा माल पाठवू शकलो.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. वा, छान, मग पाठवाच. फक्त पाठवण्याआधी खोक्यांवर नवा पत्ता लावा, आमचं गोदाम बदललं आहे.

पाठवण्याआधी? अगं बाई, माल तिकडे आभाळात!

कप्पाळ माझं. मग फोनवर फोन. ती विचारते, माल गेला की नाही गेला? मी म्हणते, कुड, कुड! ती म्हणते, हो, कुड हे कळलं, पण गेला का? शेवटी मॅनेजरांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. चार खात्यांची माणसं बघत होती. माल जुन्या गोदामाच्या दाराशी जाऊन थांबला आणि तिथून हलवायचा भुर्दंड आमच्या कंपनीवर आला. आता मला सांगा, गोदाम बदललं त्यांनी. कळवलं नाही त्यांनी. आणि फासावर कोण? माझं कुड!

शनिवारी मी त्या पोरीला धरलं. ती बिचारी शांतपणे म्हणाली, "मॅडम, कुड म्हणजे करता आलं असतं, किंवा करता येईल, असंही होतं. एखादं काम एकदा खरंच पार पडलं असेल, तर मॅनेज्ड टू म्हणायचं. किंवा वॉज एबल टू." मी म्हटलं, "अगं मग हे आधी नाही का सांगायचं?" ती म्हणाली, "ते पुढच्या धड्यात होतं." पुढच्या धड्यात! आमच्यात 'मी पाठवू शकले' म्हटलं की माल गेलेला असतो. पाठवू शकले आणि पाठवला मात्र नाही, असं म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. मी त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही, इतकी चिडले होते.

पुढच्या महिन्यात मॅनेजरांनी मला बोलावलं. समोर तिशीचा एक मुलगा बसला होता. पुण्याचा, इस्त्रीचा शर्ट, फाडफाड इंग्रजी. हा नवा इनचार्ज. मॅनेजर माझ्या चेहऱ्याकडे न बघता कम्युनिकेशन, कम्युनिकेशन असं काहीतरी बराच वेळ बोलत राहिले. इतके महिने मी ओढलेला गाडा, आणि त्यावर बसायला हा. रडू येत होतं, पण त्यांच्यापुढे रडणार नव्हते.

मुलगा वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही पण मराठी? थँक गॉड. ॲक्च्युअली लोडिंगची मला काहीच आयडिया नाहीये."

मॅनेजर म्हणाले, "मेडम, कॅन यू ट्रेन हिम?"

मी म्हटलं, "आय कॅन, सर."

त्यांनी हुश्श केलं आणि दुसरे कागद पुढे ओढले. मी तशीच बसून राहिले. जरा वेळानं त्यांनी मान वर केली. त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं, कारण या खेपेला त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "कलिस्तीरा?" शिकवाल ना?

"आगल्ला, सर," मी म्हटलं.

मॅनेजरांनी पुढे ओढलेले कागद परत बाजूला सारले. तो मुलगा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागला. "आगल्ला म्हणजे काय हो, काकू? जमणार नाही, की करणार नाही?"

"ते इंग्रजीत सांगता येत नाही," मी म्हटलं आणि पर्स उचलून बस गाठायला निघाले.