कोविल्काची ओळख कोण पटवणार?

सेन्का माझी पुतणी. शहरात मोबाइलची ॲप बनवते आणि गावात आली की कोणाला स्वस्थ बसू देत नाही. माझ्या भट्टीवर आलुबुखाराची दारू गाळायला नंबरावरून दर वर्षी हाणामारी. म्हणून पोरीने नंबर लावायचं ॲपच करून दिलं. "काका, प्रत्येकाचा चार आकडी पिन. भांडण खलास!"

कसलं खलास! आमच्या शहाण्यांनी पिन म्हणून आपापल्या कुळाच्या संताचा दिवस टाकला. त्या दिवशी घराचं दार सगळ्यांना उघडं, त्यामुळे कोणाचा कधी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोणीतरी कोविल्काकाकूचा दिवस टाकला आणि तिचा नंबर पार शेवटी ढकलला. पिंपातला माल तयार होता; उशीर झाला तर त्याचं व्हिनेगर. नातीच्या लग्नाची दारू होती ती.

सेन्का हिरमुसली, पण हटली नाही. बोटाचा ठसा घेऊ म्हटलं, तर फळांच्या चिकट हातांना फोन ओळखेना. मेसेजवर कोड पाठवू म्हटलं, तर भट्टी घळीत, रेंजच नाही.

"कूम!" ती एकदम ओरडली. "लग्नात साक्षीला उभा राहतो, बाप्तिस्म्याला पोर हातात धरतो, त्या मानलेल्या सोयऱ्यापेक्षा जास्त कोण ओळखणार? त्याने समोर उभं राहून आपला फोन काकूच्या फोनला लावायचा. रेंज नको, पिन नको!"

मला पोरीचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू! पण कोविल्काचा कूम ओब्राद. कुंपणाच्या भांडणावरून दोघांचं कित्येक वर्षं बोलणं बंद.

"मेला माल तर मेला," काकू म्हणाली. "त्याच्या पाया पडणार नाही."

सेन्का त्याला काय बोलली देव जाणे. ओब्राद आला, चर्चला घालायची टोपी घालून. फोन लावला आणि मोठ्याने वाचलं, "ही कोविल्का आहे, अशी तुमची खात्री आहे?" मग म्हणाला, "होय. एवढं तोंड वाकडं दुसऱ्या कोणाचं नाही."

"मग दाब की बटण! का पाद्री बोलावू?" काकू कडाडली.

भट्टीवर हशा उसळला. काकूचा नंबर परत आला आणि संध्याकाळी पहिली धार तिने ओब्रादच्याच पेल्यात धरली.

निघताना त्याने सेन्काला बाजूला घेतलं. "पोरी, ही खात्री किती टिकते?"

"कायमची, ओब्रादकाका. परत यायला नको."

तो टोपी चाचपत राहिला. "कायमची नको," म्हणाला. "आठवड्याची कर."