अंगठ्याएवढी जागा

मुलगी डेन्मार्कला नोकरी करते आणि मुलगा कझाकस्तानात डॉक्टरकी शिकतो, म्हणून आमच्या भिंतीवर जगाचा भला मोठा नकाशा लावलाय. धूळ पुसताना अंगठा ठेवला की डॅनिश बोलणारा देश पुरता झाकला जातो. कझाक भाषेचा मुलूख मात्र पंजाखालीही मावत नाही. सीमेपलीकडे चीन-मंगोलियातही ती भाषा बोलतात, असं मुलगा सांगतो. मला धास्ती त्याचीच होती. एवढ्या पसाऱ्यात पोर कुठे हरवलं तर?

परवा दुपारी मुलीच्या नंबरवरून फोन आला आणि एक परकी बाई भराभरा बोलू लागली. एक शब्द कळला नाही. ती घाबरलीय, एवढंच कळलं. मी आपली मराठीतच विचारत राहिले, "माझी मुलगी कुठे आहे हो?"

बऱ्याच वेळाने मुलीचा आवाज आला. "आई, सायकलवरून पडले गं, या बाईंनी उचललं. आता बरी आहे."

अंगठ्याखाली मावणारी ती जागा, पण तेवढ्या वेळात मला तिचा थांग लागेना. आता मुलीचं काय नि मुलाचं काय, नाव फोनवर दिसलं, की पलीकडून 'आई' ऐकू येईपर्यंत मी 'हॅलो'सुद्धा म्हणत नाही.