तार खिळ्याला होती

मी सुनेला आधी ओढलं.

अण्णा आपल्या बैठकीवर भिंतीला टेकून होते, मान छातीवर पडलेली. मेधा दाराच्या आत पालथी, एक हात उंबऱ्याकडे. खोलीत धूर नव्हता. वासही धड नव्हता. नुसती गरम, जड हवा… आत पाऊल टाकल्याबरोबर माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले. मी रामदुलारीला म्हटलं, "पाय पकड." ती म्हणाली, "दादी, पहले बाबा को…" मी म्हटलं, "पाय पकड म्हणते ना."

आम्ही दोन बायका, त्यातली एक मी म्हातारी. एका वेळी एकच माणूस उचललं जाणार होतं. मेधाला गलियाऱ्यातून, म्हणजे खोलीबाहेरच्या बोळातून, ओढत चौकात आणताना माझ्या खांद्याला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली तार घासली. ती तार तेव्हा खिळ्याला होती हे लक्षात ठेवा. सगळं त्यावरच आहे.

आता बाकीचं सांगते. मी लिहून दिलंय, मेधा टाइप करते आहे. तिला सांगितलंय की एक शब्द गोड करायचा नाही.

माझा जन्म काशीतला, लग्न होऊन दूधविनायकाच्या गल्लीत आले तीही काशीच. घाटावर रोज प्रेतं जळताना पाहिली. इतकी वर्षं पाहिल्यावर मला भूत दिसलं नाही, लाकडाचा धूर तेवढा दिसला. शेजारणी अंगात आल्याच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मी उठून कुकर लावायला जायची. शाळा चौथीपर्यंत, पण मराठी-हिंदी दोन्ही वाचता येतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, चांगलं दिसतं. हे एवढ्यासाठी सांगते की पुढचं वाचून कोणी म्हणू नये, म्हातारीला काहीतरी भास झाला.

अण्णा म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. ब्रह्मा घाटावर मुलांना वेदाची संथा देण्यात जन्म घालवला. त्यांचा आवाज असा की इकडे बोलले तर नदीवरचा नावाडी मान वळवायचा. मग लकवा झाला. डावी बाजू गेली आणि आवाज गेला. गेला म्हणजे नुसती फुसफुस उरली. तोंडाशी कान नेला तरी निम्मं कळायचं नाही. मला स्वयंपाकघरातून दहादा उठून जावं लागायचं, आणि जाऊन पाहावं तर काय, दार लावा. त्यांना वाऱ्याची फार भीती.

मेधा माझी सून. मुलगा रेल्वेत, गोरखपूरला असतो, सुट्टीला येतो. मेधा घरी बसून कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम करते. माझी ये-जा बघून तिनेच एक सोय केली. अण्णांच्या तोंडाशी छोटा माइक. त्याची तार दारातून बाहेर, गलियाऱ्यात तिच्या लॅपटॉपला. तिथे त्यांच्या फुसफुशीची अक्षरं व्हायची आणि स्वयंपाकघरात फडताळावर ठेवलेल्या टॅबवर मोठ्या टाइपात उमटायची. मी म्हटलं, "मोठ्या आवाजात बोलायचे तेव्हाही मी ऐकत नव्हते, आता वाचायचं का?" अण्णा हसले. अर्ध्या तोंडानेच, पण हसले.

सुरुवातीला टॅबवर काहीच येईना. मेधा वैतागलेली. "आई, आवाज येतोय, मेमरीत भरतोय, पण मजकूर काढायला गेलं की रिकामा." दोन दिवस तीच कटकट. मग तिला सापडलं. ती म्हणाली, मेमरीत प्रवाह भरत जातो तसं वाचणारं बोट पुढे पुढे सरकतं आणि शेवटाला जाऊन थांबतं. तिथून वाचायला घेतलं तर पुढे काहीच नसतं. आधी ते बोट सुरुवातीला आणून ठेवावं लागतं, ते ती विसरली होती. अण्णांनी हे ऐकलं आणि टॅबवर पहिलं वाक्य उमटलं ते हे: "आमच्या पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवतो."

मेधा म्हणाली, "अण्णा, पहिल्याच वाक्यात टोमणा?"

मग अक्षरं तुटायला लागली. 'चहा'च्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्ह. तर ती म्हणे मराठीचं एक अक्षर मशिनीत तीन तुकड्यांनी येतं, दोनच हातात असताना वाचलं की असा भुगा होतो. मग तिने असं केलं की वाक्य पूर्ण होईपर्यंत सगळं मेमरीत जमू द्यायचं आणि एकदम मजकूर करायचा. चौकोन गेले. शब्द तरी वेडेवाकडेच यायचे, कारण जीभच वळत नव्हती. 'वहिनी'चं 'वनी' व्हायचं. मी वाचायला शिकले.

अण्णांच्या दोन अटी होत्या. पहिली, काही साठवायचं नाही. बोललेलं साठवायचं ते माणसाच्या डोक्यात, डब्यात नाही, हे त्यांचं जन्मभराचं म्हणणं. मेधाने कबूल केलं. "फाइल करतच नाही अण्णा. मेमरीत येतं, अक्षरं दाखवते, पुसून टाकते. लॅपटॉप बंद झाला की तेही नाही." दुसरी अट, सकाळचा पाठ चालू असताना यंत्र खोलीत नको. वेद मशिनीच्या कानावर जाता कामा नये. म्हणून रोज सकाळी मेधा माइक काढायची, तार दारातून बाहेर ओढून गुंडाळायची आणि गलियाऱ्यातल्या खिळ्याला टांगायची. पाठ संपला की अण्णांना विचारून पुन्हा लावायची.

आता इथे काय झालं ते बघा. तार दारातून जायची म्हणून दिवसभर ते दार पूर्ण लागायचं नाही, बोटभर फट राहायची. अण्णा त्या फटीवरून रोज कुरकुरायचे. फक्त पाठाच्या वेळी तार निघायची आणि दार घट्ट बसायचं. खिडकीच्या फटीत त्यांनी चालत्या हाताने धोतराच्या चिंध्या कोंबल्या होत्या. आणि खोलीत बोरसी. मातीचं खोल भांडं, त्यात गोवऱ्या आणि कोळसा, इकडे थंडीत घरोघर असते. मेधाने हीटर आणला होता, पण त्याने घसा सुकतो म्हणून त्यांनी तो परत पाठवला. फट होती तोवर सगळं निभावलं. ती फटच त्यांना जगवत होती हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मेधाच्याही नाही, माझ्याही नाही, आणि ज्यांनी जन्मभर बुद्धीचं काम केलं त्या अण्णांच्याही नाही.

पौषातला दिवस. धुकं इतकं की चौकातली तुळस दिसत नव्हती. थंडी म्हणून बोरसी त्या दिवशी दुप्पट भरलेली. मी आणि रामदुलारी स्वयंपाकघरात चूडा-मटरासाठी, म्हणजे इकडच्या मटारपोह्यांसाठी, मटार सोलत होतो. रामदुलारी गल्लीतलीच, बरीच वर्षं माझ्या हाताखाली स्वयंपाकाला आहे. टॅब उजळला.

"वहिनी."

वनी नाही. वहिनी. मला वाटलं पाठ आटोपला, मेधाने तार लावली. मी मटार सोलत राहिले.

"दार उघडा."

मी तिथूनच ओरडले, "रोज लावा लावा करता, आज उघडा? एकदा काय ते ठरवा." रामदुलारी हसली. मेधा बाहेर बसलेली असणार, ती उघडेल, असं मनात म्हटलं. आता वाटतं की… जाऊ दे. काय वाटतं त्याला अर्थ नाही.

थोड्या वेळाने पुन्हा उजळला. माझे हात भरलेले, मी पाहिलं नाही. रामदुलारी हिंदी वाचते, तिने अक्षर लावून वाचलं. "मे-धा-ला आ-धी… दादी, ये आधी क्या? आधा?"

मी म्हटलं, "आधी म्हणजे पहले. मेधा को पहले."

"मेधा को पहले क्या?"

हे तिने विचारलं आणि मी उठले. मांडीतले मटार सगळे खाली सांडले.

गलियाऱ्यात मेधाची खुर्ची रिकामी. लॅपटॉप उघडा. दार घट्ट लागलेलं. मी हाक मारली. मग खांदा लावून ढकललं, रामदुलारीने मागून जोर दिला. पुढचं वर लिहिलंच आहे.

मेधाला चौकात थंड फरशीवर टाकलं. ओठ लालभडक झालेले. मी तोंडावर पाणी मारलं, दोन थोबाडीत दिल्या. तिने मोठा श्वास घेतला आणि ओकली. तेव्हा मी रामदुलारीला तिच्यापाशी बसवलं, नाकाला पदर लावला आणि अण्णांकडे गेले. खिडकीतल्या चिंध्या उपसून टाकल्या, मग त्यांची हनुवटी उचलायला गेले. जबडा ताठलेला होता. मी नवरा, सासू आणि दोन जावा स्वतःच्या हाताने न्हाऊ घालून पाठवल्या आहेत. हा ताठरपणा कधी येतो मला ठाऊक आहे. आत्ता गेलेल्या माणसाला तो येत नाही.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. "बाबा तो बहुत पहले जा चुके थे, माताजी. बहू को थोड़ी देर और होती तो ये भी नहीं बचतीं."

मेधाला शुद्ध आल्यावर तिने सांगितलं ते असं. पाठाची वेळ उलटून गेली म्हणून ती आत डोकावली. अण्णा मान टाकून बसलेले, तिला वाटलं डोळा लागला. वारा लागू नये म्हणून तिने सवयीने मागे दार ओढून घेतलं. त्यांना हात लावावा म्हणून पुढे गेली तर गरगरलं. दाराकडे वळली. तिथून पुढचं तिला आठवत नाही.

मी विचारलं, "तार लावलीस तेव्हा ते काही बोलले का?"

ती म्हणाली, "तार लावलीच नाही, आई. त्यांना विचारल्याशिवाय कशी लावणार?"

तार खिळ्याला होती. मला लागली होती.

ती बरी होऊन घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, असं होऊच शकत नाही. लॅपटॉपचा स्वतःचा माइक तिने पहिल्याच आठवड्यात बंद केला होता, कुकरच्या शिट्ट्या ऐकून तो भलतंच लिहायचा. तार न लावता तिने पुन्हापुन्हा चालवून पाहिलं. टॅबवर काहीही नाही. "स्ट्रीम, म्हणजे तो प्रवाह, रिकामी असेल तर तिची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, तोही रिकामाच निघतो. आत काही गेल्याशिवाय बाहेर येत नाही." मी म्हटलं, आधीचं काही राहिलं असेल. ती म्हणाली, "राहत नाही, मी पुसते. आणि 'दार उघडा' असं अण्णा कधी म्हणालेत का?" कधीच नाही. आणि मेधाला आधी, हे ते कशाला म्हणतील? ती खोलीत गेली तेव्हा ते उरलेच नव्हते.

आमच्या धावपळीत लॅपटॉपची बॅटरी संपून तो बंद पडला होता. मेमरीत जे काही असेल ते गेलं. मेधा म्हणाली, "एक फाइल केली असती तर आज दाखवता आलं असतं." अण्णांनी ती करू दिली नाही, आणि तिने शब्द पाळला. आता त्याचं काय करणार.

मुलगा म्हणाला, "आई, तू घाबरली होतीस." मी म्हटलं, रामदुलारीला विचार. त्याने विचारलं. ती म्हणाली, "भैया, हम खुद पढ़े थे. मटर हाथ में था."

तेराव्याला ब्रह्मा घाटावरचे आमचे एक नातलग जेवता जेवता म्हणाले, "सुनेला ओढायला बळ आलं, दिराला ओढायला नाही आलं का, काकू?" मी म्हटलं, "नाही आलं." आणि त्यांना आणखी एक लाडू वाढला. त्यांना मी काय सांगणार होते? अण्णांनीच सांगितलं म्हणून? कोणी ऐकून घेतलं असतं?

बोरसी मी चौकात आपटून फोडली. त्या खोलीचं दार सुतार बोलावून काढून टाकलं, आता पडदा आहे. टॅब मेधाने तिच्याकडे घेतला. मी त्याच्याकडे पाहत नाही. भीती वाटते म्हणून नाही. तो उजळला तर मला हातातलं काम टाकून उठावं लागेल, आणि मागच्या वेळी मी दोन वाक्यं बसून राहिले होते.

कोण बोललं ते मला माहीत नाही. मेधाला माहीत नाही, आणि ते यंत्र तिनेच बनवलं होतं. कोणाला माहीत असेल तर कळवा, पण ग्रहताऱ्यांचं काही लिहू नका.

त्या सकाळी खोलीत दोन माणसं होती. अण्णा गेले. मेधा जगली.