खोलीत माणसं दोन

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलांची जर्नल्स तपासत होते. हृदयविकाराचा झटका, पहाटे. "बरं," म्हणाले आणि उरलेल्या जर्नल्सवर सह्या केल्या. पाच आठवडे झाले. अजून रडू आलेलं नाही, आणि त्याची लाज वाटते.

दत्ता पिशोरचा. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर. आवाज अडवायचा तर भिंत जाड हवी, हे जगाचं मत त्याला साफ नामंजूर. तो बोटाएवढ्या जाडीच्या प्लास्टिकच्या फळीत वळणावळणाचे पोकळ कप्पे करायचा. मापं नेमकी बसली की ठरावीक पट्टीतला आवाज त्यातच जिरायचा. चिकलठाण्याच्या एका कारखान्यातल्या प्रेस शॉपसाठी, जिथं दिवसभर पत्रे ठोकतात, दोन वर्षं हेच चाललं होतं. तिथली माणसं घरी गेल्यावरही ओरडूनच बोलतात, म्हणायचा. स्वतः तरी कुठं हळू बोलायचा... त्याच्या डब्यातली भाजी तीन खोल्यांना कळायची.

फळी लावल्यावर आवाज किती वेळ रेंगाळतो, याची मोजणी जुन्या स्टोअररूममध्ये. माणसाचं अंगही आवाज शोषतं, म्हणून दर वेळी माणसं तेवढीच हवीत: तो स्टुलावर, मी लॅपटॉपपाशी, दोघंही गप्प. वहीत वर लिहायचं: खोलीत माणसं दोन. दत्ताला गप्प बसवणारी तेवढी एकच गोष्ट होती.

शेवटच्या फळीची पडताळणी राहिली होती. महिनाअखेर अहवाल गेला नाही तर कारखाना बाजारातला तयार माल लावणार होता. दोन वर्षं पाण्यात. मी एकटीच बसले. आकडे जुन्या मोजणीशी जुळेनात. माइक बदलला, वायरी बदलल्या. आवाज खोलीत जास्तच रेंगाळत होता. तिसऱ्या खेपेला कळलं, बिघाड कशातच नाही. एक माणूस कमी आहे. इतकी साधी गोष्ट सुचू नये, याचा स्वतःचाच राग आला.

त्या दिवशी त्याचे वडील, अप्पा, त्याचं सामान न्यायला आले होते. अंगापिंडानं दत्ताएवढेच. मी अडचण सांगितली, तशी त्यांनी पिशवी दाराबाहेर ठेवली.

"मी बसू का तिथं?"

"हलायचं नाही, अप्पा. बोलायचंही नाही."

"व्हय."

बसले. मी बटण दाबलं. पडद्यावरची रेघ जुन्या रेघेवर जाऊन बसली.

"जमलं का?"

"जमलं. त्याचं बरोबर होतं."

आता उठतील असं वाटलं. उठले नाहीत. फरशीकडं बघत म्हणाले, "आजून एकदा घ्यायचं असंल तर घे, माय. मला काय घाई नाय."

गरज नव्हती. मी पुन्हा बटण दाबलं.